छबूबाईची बरणी

लोणचं गेल्याचं कळलं ते अमावास्येला, कावळ्याचा घास काढताना. कोंडीरामनं बरणीच्या तोंडाला बांधलेला दादरा सोडला, तर फोडींवर पांढरी लव आलेली आणि मध्ये हिरवे ठिपके.

त्याच्या बायकोनं, छबूबाईनं घातलेलं हे शेवटचं लोणचं. ती हिवाळ्यात गेली. तेव्हापासून दर अमावास्येला कोंडीराम तिच्या घासावर एक फोड ठेवायचा. चमचा धुवायचा, पण पुसायचा नाही. छबूबाईनं ओला चमचा बरणीजवळ फिरकू दिला नसता.

"मामा, टाकून द्या," सून माधुरी म्हणाली. ती राहुरीला शेतीचं शिकलेली. "बुरशी हाय ती."

"वरचं काढतो. खालचं चांगलं हाय."

"वर दिसती ती नुसती लव. धागे खालपर्यंत गेलेत."

"मग तुझा नवरा नागापूरहून डबीत अळंबी आणतो, ती कोण? ती बी बुरशीच, तूच सांगितलंस. तिला तर लसणाची फोडणी देता."

"भावकी एक, गुण वेगळे. धागे दोघींना बी हायेत. अळंबी म्हंजे त्या धाग्यांना आलेलं फळ. त्यातलं बी काही खायचं, काही विषारी."

"अन् पाव फुगवतं ते?"

"यीस्ट. ते बी भावकीतलंच, पण त्याला धागा न्हाई. एकेक सुटी पेशी. साखर खायची अन् हवा सोडायची."

"आपल्या हनुमंतासारखं," कोंडीराम म्हणाला. हनुमंत शेजारी राहणारा त्याचा चुलतभाऊ; त्याच्याशी या घरात कुणी बोलत नसे.

"स्वतः अन्न कुणीच बनवत न्हाई, मामा. तिघं बी दुसऱ्याच्या जिवावर जगत्यात."

"म्हंजे हनुमंतच. जाऊ दे, कावळ्यालाच विचारू."

त्यानं भिंतीवर पावाचा तुकडा, परतलेली अळंबी आणि बुरशीची फोड ओळीनं ठेवली. कावळ्यानं पाव नेला, परत येऊन अळंबी नेली. तिसऱ्यांदा आला, फोडीकडं मान वाकडी करून पाहिलं आणि पत्र्यावर जाऊन बसला.

कावळा शिवत नाही म्हणजे गेलेल्या माणसाच्या मनात काही राहिलंय. ते ओळखून मोठ्यानं कबूल करावं लागतं.

"आत्याबाई, लोणचं मी शिकते," माधुरी सासूला उद्देशून म्हणाली. कावळा हलला नाही.

"हनुमंताशी बोलत जाईन," कोंडीराम म्हणाला. कावळ्यानं पाठ फिरवली.

"चमचा पुसत जाईन."

कावळा एक उडी पुढं आला. कोंडीरामनं बरणी जवळ ओढली.

"बरं. रिकामी करतो बरणी. धुतो बी."

कावळा खाली उतरला, फोड उचलली आणि हनुमंताच्या अंगणात नेऊन टाकली.

"तिचाच कावळा," कोंडीराम म्हणाला.

लोणचं त्यानं त्याच दुपारी बांधाला खड्डा घेऊन पुरलं. बरणीला आतून अजून हिंग-मेथीचा वास येतो. ती धुवायची राहिली आहे.