आईची बाजू

माझी आई वारल्यापासून दर रविवारी दुपारी माझ्याकडे येते. एकदम येत नाही. मी तिची कॅसेट लावते. पहिल्या गाण्यात तिची पावलं येतात, दुसऱ्यात पाय कमरेपर्यंत, तिसऱ्यात हात, चौथ्यात पाठ. मग टेपरेकॉर्डरचा खटका वर उडतो आणि मी कॅसेट उलटी करते. दुसऱ्या बाजूला पोट, मग मान आणि केस, मग डोळे, आणि सगळ्यात शेवटी तोंड. तोंड आलं की ती पुरी होते. तोवर गाणी संपलेली असतात, पण टेप थोडी शिल्लक असते. त्या उरलेल्या खरखरीत ती माझ्याकडे बघते, मी कपात चहा ओतते, ती "बास" म्हणते. खटका उडतो. खुर्ची रिकामी होते.

असं कितीतरी वर्षं सुरळीत चाललं होतं.

आईची ही एकच कॅसेट निघाली. निर्मला बिडकर, भावगीतं. कोल्हापूरच्या एका लहानशा कंपनीनं काढली होती. मालकांना सगळे अण्णा म्हणत. गाण्यांचा क्रम आईनं स्वतः लावला होता, असं मी भेटेल त्याला सांगत असे. पहाटेचं गाणं आधी का आणि निरोपाचं शेवटी का, हे समजावूनही देत असे. लोकांना ते कळत नाही. लोक मधूनच कुठलंही गाणं लावतात, आवडलेली ओळ ऐकून झाली की पुढे ढकलतात. त्यांना जेवणही असंच वाढावं, आधी ताक, मग हात धुवायला पाणी, मग भाजी, म्हणजे समजेल. माझा नवरा माझ्याबरोबर राहत होता तेव्हा त्यानं एकदा पाहुण्यांना ऐकवायला म्हणून तिसऱ्यापासून लावली. हातांची जोडी पाहुण्यांसमोर नुसतीच लोंबकळत राहिली, बसायला जागा शोधत. मला त्या दिवशी जो राग आला तो अजून गेलेला नाही.

माझा धाकटा भाऊ उदय आमच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर राहतो. गडहिंग्लजला, स्टँडच्या मागे. एकदा तो खाली आला आणि म्हणाला, "ताई, कॅसेट दे. मोबाइलवर उतरवून घेतो. झिजून जाईल नाहीतर."

मी दिली. त्यानं संध्याकाळी परत आणून दिली. त्याच्या फोनमध्ये गाणी पत्त्यांसारखी पिसायची सोय होती, हे त्यानं मला सांगितलं नाही.

पुढच्या रविवारी तिसरं गाणं सुरू झालं आणि हात आले नाहीत. ब्लाउजच्या बाह्या सपाट राहिल्या. तेच गाणं वरून ऐकू येत होतं. संपलं, मग दुसरंच काहीतरी लागलं, मग पुन्हा तेच. माझ्याकडे आई बाकी सगळी आली, पण तिला कप उचलता येईना. मी तो तिच्या ओठांना लावला. चहा हनुवटीवरून पदरावर सांडला. "बास," ती म्हणाली.

मी चप्पल न घालता जिना चढले.

उदयच्या स्वयंपाकघरात आईचे हात होते. जितक्या वेळा गाणं वाजलं होतं, तितके. एक हात कणीक मळत होता. एक भांडी विसळत होता. दोन हात मिळून मेथी निवडत होते. उदयची बायको रेवती पाटावर बसली होती आणि आणखी दोन हात तिच्या डोक्याला तेल चोळत होते, सावकाश, टाळूपासून मानेपर्यंत. माझ्या डोक्याला आईनं कधी तेल लावलं नव्हतं. पेटीच्या पट्ट्या तेलकट होतात म्हणायची.

"या ताई," रेवती डोळे न उघडता म्हणाली. "बसा. तुम्हालाही लावून देतील."

"बंद कर ते," मी उदयला म्हणाले.

"अगं, आम्हाला हेच गाणं आवडतं. बाकीची जरा रडकी आहेत."

"आई आठ गाण्यांची आहे, उदय. एका गाण्याची नाही."

"मग नेतेस का दोन खाली? इथं पुष्कळ झालेत." त्यानं मेथीवरचे दोन उचलून माझ्यापुढे धरले. त्यांना मातीचा वास येत होता. दोन्ही उजवे होते.

मला इतका राग आला की त्यांची भिंत माझ्याकडे सरकली. उदयनं ते पाहिलं आणि फ्रीज थोडा आत ओढून घेतला. मी खाली आले. माझ्याकडच्या भिंतीही सरकल्या होत्या. टेबलाशेजारी माझी खुर्ची मावत नव्हती. ती मी बाहेर जिन्याखाली ठेवली आणि पुढचे रविवार उभ्यानं ऐकले.

वर रोज गाणी पिसली जात होती. माझ्याकडे आई आता बिनहातांची येई आणि कधीकधी बिनपाठीची. तेव्हा ती खुर्चीत पिठाच्या रिकाम्या पिशवीसारखी घसरत राही आणि मी तिला काखेत धरून सरळ करत राही. राग आला की खोली आवळत असे. खोली आवळली की मला आणखी राग येई. आधी कपाट बाहेर गेलं, मग कॉट.

एका सकाळी उदय दारात उभा राहिला. दार पूर्ण उघडत नव्हतं, म्हणून त्यानं फटीतून सांगितलं.

"ताई, वर ये. आज तोंड आधी आलंय."

"म्हणजे?"

"शेवटचं गाणं पहिलं लागलं. टेप संपायची भानगडच नाही ना फोनवर. मघापासून बोलतंय."

मी वर गेले. तोंड सोफ्याच्या उशीवर होतं, पानानं रंगलेलं. ते रेवतीला काहीतरी सांगत होतं, कुठल्याशा गावच्या कार्यक्रमाचं, तबलजीला झोप लागली त्याचं. सांगता सांगता ते हसलं. एवढं मोठ्यानं हसलेलं मी ते कधी ऐकलं नव्हतं. हात भोवती बसून शेंगा फोडत होते आणि मधूनच एखादा दाणा त्याच्यात टाकत होते.

"विभा आली वाटतं," तोंड म्हणालं. "जिना आपटत चढते. बस गं."

"आई, यांना सांग. गाण्यांचा क्रम तू लावला होतास ना?"

"कसला क्रम?"

"गाण्यांचा. आधी पहाटेचं, शेवटी निरोपाचं."

"छे गं. तो अण्णांनी लावला. टेपच्या लांबीवर. मोठी गाणी एका बाजूला मावेनात, म्हणून इकडची तिकडं केली. मी म्हणत होते, निरोपाचं आधी घ्या, गळा ताजा असतो तेव्हा. कोण ऐकतंय?"

रेवती हसली. दोन हातांनी एकमेकांना टाळी दिली.

"तुला काहीतरी आठवत असेल चुकीचं," मी म्हणाले.

"माझी कॅसेट, मला आठवणार नाही?" ते म्हणालं. "आणि तुझ्याकडं येते तेव्हा बोलायला वेळच उरत नाही. शेवटी कुठं मला तोंड फुटतं, की लगेच खटका. तुला एक सांगायचं होतं कधीचं. तू जी दर रविवारी..."

मी त्याच्यावर तळहात दाबून धरला. ओठ खाली हलत राहिले. मऊ होते आणि ओले. शेंगा फोडायच्या थांबल्या.

"ताई, काय करतेस?" उदय ओरडला. "आई आहे ती!"

"आई अशी नसते," मी म्हणाले. "आई शेवटी बोलते."

"तुला ऐकायचंच नाहीये तिचं."

"तू मला शिकवू नकोस. तुला पाच मिनिटं एका जागी बसून काही ऐकता आलेलं नाही उभ्या जन्मात."

हात काढला तेव्हा तळव्यावर पानाचा लाल डाग होता. तोंडानं ओठ मिटून घेतले. ते माझी जायची वाट पाहत होतं, हे मला समजलं.

मी खाली आले. त्या दिवशी रविवार नव्हता, तरी मी कॅसेट लावली. खोलीत आता टेबल, आईची खुर्ची आणि मी, एवढंच मावत होतं. पहाटेचं गाणं सुरू झालं. पावलं आली. नेहमी ती खुर्चीपुढे येऊन थांबतात. आज दाराकडे वळली.

"आई, तिकडे नाही," मी म्हणाले.

ती थांबली नाहीत. मी पालथी पडून दोन्ही घोटे धरले. कुणी फटीतून पाहिलं असतं तर त्याला वाटलं असतं, मी नमस्कार करते आहे. टाचांच्या भेगा माझ्या मनगटांना घासत होत्या. "अजून सगळी गाणी आहेत," मी सांगत होते, "सगळी येऊ दे, मग बोल काय बोलायचं ते, मी टेप थांबवून धरीन." दुसऱ्या गाण्यात पाय कमरेपर्यंत वाढले आणि त्यांना जोर आला. त्यांनी मला उंबऱ्यापर्यंत ओढत नेलं. तिसऱ्या गाण्यात हात आले. इतके आठवडे आले नव्हते, ते आज आले, एक डावा आणि एक उजवा. चौथ्यात पाठ आली. ती माझ्याकडे होती.

खटका उडाला.

पहिली बाजू संपली आहे. कॅसेट उलटायची तर मला हात सोडवावा लागेल, आणि हात सोडला तर ती जाईल. वर तिचं तोंड बोलतं आहे, मोठमोठ्यानं, मध्ये माझं नाव येतं आहे, बाकी शब्द छतातून कळत नाहीत. इथं खांद्यांच्या वर काही नाही. पाठ वळली आहे, वाकली आहे, आणि तिचे दोन्ही हात माझी बोटं सोडवताहेत. आधी करंगळी. मग अंगठा. मग मधलं.