अंगठ्याच्या शेणी

शिमगा झाला की आकाराम घरामागच्या परड्यात दोडका लावायचा. यंदा ते काम चिमणाबाईवर आलं होतं, कारण तिचा नवरा माघातच अचानक गेला.

उचगावात त्या परड्याची फार थट्टा व्हायची. हा गडी जमिनीला कुदळ म्हणून लावायचा नाही. उसाचं पाचट पसरायचा, त्यावर मोरीचं पाणी सोडायचा आणि दोडक्याचा वेल सरळ शेवग्यावर चढवायचा. पण बहात्तरच्या दुष्काळात विहिरी आटल्या तरी त्याचा वेल हिरवागार राहिला. मग थट्टा थांबली आणि मागणी सुरू झाली. दोडके तो टोपलीनं वाटायचा. बियाणं मात्र कुणालाच नाही. शेजारचा लालासाब दरवर्षी मागायचा आणि दरवर्षी "बघू की" ऐकून परत जायचा. असला चिक्कू माणूस पंचक्रोशीत नसेल!

कीड लागू नये म्हणून आकाराम बिया शेणात घालून भिंतीला थापायचा. जळणाच्या शेणी-गोवऱ्यांत मिसळू नयेत म्हणून प्रत्येकीवर अंगठा दाबायचा.

चिमणाबाईनं पाचट बाजूला सारलं, आळं केलं, पाणी ओतलं आणि ती भिंतीकडं गेली. भिंतीवर नुसते गोल डाग होते.

तिनं जळणाचा ढीग उपसला. चुलीजवळचं पोतं उलटं केलं. शेवटी कुंपणावरून हाक मारली, "भावजी, भिंतीवरच्या शेणी कुणी काढल्या वो?"

लालासाब आला. भिंत बघून त्याचा चेहराच उतरला. मयताच्या दिवशी सरणाला शेणी कमी पडल्या होत्या. घराघरांतून गोळा करून गाडी भरली ती त्यानंच.

"मीच काढल्या, वैनी. गडबडीत अंगठा दिसला न्हाय. दादासंगं गेल्या की सगळ्या."

आकाराम गेल्यापासून चिमणाबाई रडली नव्हती. बाई घट्ट आहे, असं लोक म्हणत. ती आळ्याच्या कडेला बसली.

"चिक्कू ते चिक्कूच," ती हसायला गेली. "जाताना बियाणंसुदीक संगं घिऊन गेलं."

लालासाब भिंतीवरचे गोल डाग हातानं चाचपत होता.

"एकदा तरी तुमाला चार बिया दिल्या असत्या, भावजी," ती म्हणाली, "तर आज तुमच्या दारातनं मागून आणल्या असत्या की मी."

आणि तोंडाला पदर लावून ती मोठ्यानं रडायला लागली.