कोंदेचा खांदा

दुपारपासून बाबांचा पाय एका जागी ठरत नव्हता. गॅलरीतून अंगणात, अंगणातून परत गॅलरीत. मी इथे पोपायान गावातल्या शाळेत लॅटिन शिकवते, म्हणून नुकताच हाती लागलेला वंशावळीचा कागद त्यांनी तिसऱ्यांदा माझ्यापुढे नाचवला. आपले पूर्वज म्हणे कोंदे होते, सरदार!

आज गुड फ्रायडे. मिरवणुकीत मूर्तीचा जड चौथरा आठ जण खांद्यावर नेतात. मागच्या दोन शेजारच्या दांड्यांवर बाबा आणि नाबोर सुतार, सव्वीस वर्षं. दोघांची उंची सारखी, म्हणून तर ती जोडी. एक उंच, एक बुटका झाला की सगळा भार बुटक्यावर.

"यंदा मी खांदा देणार नाही. सूट घालून मानकऱ्यांत चालेन," बाबा म्हणाले.

"आणि नाबोरकाका?"

"बघतील दुसरा कुणी. कोंदेनं ओझी वाहायची का?"

मला राग आला. "बाबा, कोंदे, इटलीतला कोन्ते, फ्रान्सातला कोंत, सगळे एकाच लॅटिन शब्दाची पोरं. कोमेस. राजाबरोबर चालणारा, सोबती. बाकी थाट नंतरचा."

"म्हणजे नोकर? पोरी, बापाची टिंगल करतेस?"

ते दार आपटून गेले. माझंच चुकलं, शिकवण्याच्या सुरात बोलले.

संध्याकाळी चर्चच्या दारात नाबोरकाकांशेजारी बाबांच्या जागी एक उंच तरुण उभा होता. उचलताच चौथरा काकांच्या बाजूला कलला. काकांचं तोंड लालबुंद झालं. वाटेत दांडी सोडली की जागा कायमची जाते आणि गावभर नाचक्की होते, हे इथल्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे.

पहिल्याच कोपऱ्यावर काकांचे गुडघे वाकले. बाबा मानकऱ्यांची रांग मोडून धावले.

"नाबोर, सरक, मी घेतो!"

"खांदेकऱ्याचा झगा नाही अंगावर. हात लावू नकोस." काकांनी मानही वळवली नाही. "जा कोंदेसाहेब, लोक बघतायत."

बाबा गेले नाहीत. कोट काढला, काखेत मारला आणि दांडीला न शिवता काकांच्या शेजारून चालू लागले. "डावा पाय जप, नाबोर. पुढे खड्डा आहे. आता चढ." मी फुटपाथवरून गर्दीत धक्के खात दोघांच्या मागोमाग गेले.

काकांनी दांडी शेवटपर्यंत सोडली नाही. चर्चमध्ये चौथरा टेकला तेव्हा त्यांचा खांदा सोलून निघाला होता. बाबा रुमाल घेऊन पुढे झाले. काकांनी तो घेतला, रक्त पुसलं, आणि शेजारच्या तरुणाला म्हणाले, "पुढच्या वर्षी टाचेखाली काही घालून येतो. आपली जोडी जमेल."