गालिच्यावरचं बोलावणं

"कुणाचे गं ते बूट?" लोइसने विचारलं.

आम्ही दोघी चहाचे मग घेऊन जिन्यात उभ्या होतो. वर मॅनेजर मिस्टर ऑल्ड्रॉइड यांच्या खोलीचं दार बंद होतं आणि दाराबाहेर भिंतीला लावून काळे, पॉलिश केलेले बायकी बूट ठेवलेले होते. मी ते बघताक्षणीच ओळखले होते, पण तोंड उघडलं नाही.

"अगं बाई, हेटी सायक्सचे!" लोइसच म्हणाली. "हेटीला कार्पेटिंग? आता हद्द झाली!"

कार्पेटिंग म्हणजे झाडणं, खडसावणं, बिनपाण्याने करणं. हडर्सफील्डच्या आमच्या लोकरीच्या गिरणीत 'मॅनेजर रागावले' असं कुणी म्हणत नसे. 'तिला गालिच्यावर घेतलं' म्हणत. हा शब्द कुठून आला ते आम्हांला शिकवावं लागलं नाही. सबंध गिरणीत खाली दगडी फरशी नाहीतर लाकडी तक्ते, त्यावर लोकरीच्या तेलाचा चिकटा. गालिचा काय तो एकट्या मॅनेजरच्या खोलीत. माझी आजी लहानपणी एका बड्या घरात मोलकरीण होती. ती म्हणायची, "मालकाचा गालिचा रोज गुडघ्यांवर बसून झाडायचा, आणि त्यावर पाय ठेवायचा तो बोलणी खायलाच." पुढे बायका घरीसुद्धा हा शब्द वापरायला लागल्या. "काल आमच्या ह्यांना घेतलं गालिच्यावर," असं लोइस सोमवारी हटकून सांगायची. तिच्या घरात गालिच्याचा तुकडासुद्धा नव्हता.

आमच्या गिरणीत आणखी एक रीत होती. तेलकट पायांनी गालिचा खराब होतो, म्हणून बूट दाराबाहेर काढायचे आणि नुसत्या मोज्यांवर आत जायचं. म्हणजे आत कोण उभं आहे ते जिन्याने जाणाऱ्या येणाऱ्या सगळ्यांना कळायचं. मला बोलण्यांपेक्षा त्या बुटांचीच धास्ती जास्त होती.

मिसेस सायक्स एकतीस वर्षं रफूखात्यात होत्या. मागावरून उतरलेला तागा उतरत्या टेबलावर ओढून घ्यायचा, इंच इंच नजरेखालून घालायचा, गाठी चिमट्याने काढायच्या आणि जिथे धागा सुटला असेल तिथे सुईने नवा धागा विणीतून असा ओवायचा की विणणाऱ्यालाही ओळखता येऊ नये. मला हे सगळं त्यांनी शिकवलं. माझी आई मागावर काम करायची. विणकर बायका लाकडी तळव्यांचे क्लॉग घालून खडखडत यायच्या, आणि आम्ही रफूवाल्या बूट घालून, डोक्यावर हॅट चढवून. "माझी अ‍ॅनिस रफूत आहे," हे आई दुकानात पाव घेतानासुद्धा दोनदा सांगायची.

आता माझं पाप सांगते. त्याच्या तीन आठवडे आधीच्या शुक्रवारी माझ्यापुढे एक करडा, म्हणजे अजून न रंगवलेला, तागा होता. दुसऱ्या दिवशी टाउन हॉलमध्ये नाच होता आणि मला केस करून घ्यायला चार वाजता जायचं होतं. तागा निम्म्यावर आला आणि मला एक आडवा धागा सुटलेला दिसला, या काठापासून त्या काठापर्यंत. रीतीप्रमाणे मी तिथे खडूने खूण केली. तो भरायला चांगला तासभर गेला असता. घड्याळात साडेतीन झाले होते. मी इकडे तिकडे पाहिलं, तळहाताने खडू पुसला आणि तागा पुढे ओढला.

"मिसेस सायक्स, एवढा निम्मा पुरा कराल का हो? मला जरा जायचंय."

"जा पोरी, जा. नाचायचे दिवस आहेत तुझे. मी बघते."

तागा जी पुरा करेल तिने काठाला आपल्या रंगाचा धागा टाचायचा. त्यांचा पिवळा होता. त्यांनी तो टाचला. करड्या कापडात सुटलेला धागा सहज दिसत नाही, पण तागा रंगवून आला की ती रेघ उठून दिसते. तशीच ती उठली, आणि मिसेस सायक्सना वर बोलावणं आलं.

मी तेव्हाच जिना चढून दार ठोठावायला हवं होतं. चार पायऱ्या तर होत्या. पण माझ्या डाव्या मोज्याला अंगठ्याशी भोक होतं, आणि मला मागावर परत पाठवलं तर आई दुकानात काय सांगेल, हेच माझ्या डोक्यात. मी चहा संपवला आणि खाली गेले.

मिसेस सायक्स वीस मिनिटांनी आल्या. मान ताठ होती, पण कान लालबुंद झाले होते. खुर्चीवर बसल्या आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "बरोबर बोलले ते. या काठापासून त्या काठापर्यंत सुटलेला धागा, आणि मला दिसला नाही. माझे डोळे गेले, बायांनो."

"काहीतरीच काय हेटी!" लोइस म्हणाली. "तागा तर आधी या अ‍ॅनिसकडे होता ना?"

मिसेस सायक्सनीच हात झटकला. "अगदी मधोमध आहे ती रेघ. अ‍ॅनिसच्या भागात असती तर तिने खडू लावला नसता का? मीच शिकवलंय तिला." आणि माझ्याकडे बघून हसल्या.

मी मान खाली घालून गाठी काढत बसले. गाठी नव्हत्याच तिथे.

डोळे तपासून घ्या म्हणून सगळ्यांनी सांगितलं. "डॉक्टर काय वेगळं सांगणार? त्या ताग्याने सांगितलं की," असं म्हणून त्यांनी तो विषय मिटवला. महिनाअखेरीला नोकरी सोडली. जाताना खिडकीशेजारची आपली जागा मला दिली. तिथे उत्तरेचा उजेड दिवसभर सारखा यायचा. "तुझे डोळे तरुण आहेत, तुलाच शोभेल," म्हणाल्या. लाज वाटली का? वाटली. पण जागा घेतली.

नऊ वर्षांनी मला रफूखात्याची मुख्य केलं. त्या रविवारी मी नवा कोट घालून, आल्याचा केक घेऊन मिसेस सायक्सकडे गेले. आज सांगायचंच, असं रस्ताभर घोकत होते.

मिसेस सायक्स खिडकीपासून लांब बसल्या होत्या. "या उजेडाचा मला आता काय उपयोग?" म्हणाल्या. वाचणं सोडलं होतं, शिवण शेजारणीला देऊन टाकलं होतं. मी कोट काढून समोरच्या खुर्चीच्या पाठीवर टाकला. त्या जरा वेळ तिकडे बघत राहिल्या.

"अ‍ॅनिस, त्या बाहीवर, कोपराच्या वर, धागा सुटलाय का गं? का मलाच तसं दिसतंय?"

मी कोट उचलून खिडकीशी नेला. होता. एकच धागा, बोटभर लांबीचा. मी कोट घेताना उलटसुलट करून पाहिला होता, तरी मला दिसला नव्हता. त्यांनी तो सहा फुटांवरून पाहिला होता.

मग मात्र मला राहवेना. "मिसेस सायक्स, तुमचे डोळे चांगले आहेत. तेव्हाही होते. तो धागा माझ्या भागात होता. मी पाहिला होता, खडू लावला होता आणि मीच पुसला. केस करायला जायचं होतं म्हणून. तुम्हांला वर बोलावलं तेव्हा मी जिन्यात उभी होते, तरी बोलले नाही." एका दमात सगळं सांगितलं.

मग पुढे वाकून त्यांनी माझा हात थोपटला.

"माझ्या समाधानासाठी म्हणतेस, कळतं मला. पहिल्यापासून मऊ मनाची तू."

"नाही हो, खरंच सांगते! शपथ घेऊ का? आणि हा बाहीवरचा धागा? तो आहे इथे, बघा ना!"

"असेल हं, असेल," लहान पोराची समजूत काढावी तशा सुरात त्या म्हणाल्या. "मुख्य झालीस, तरी या म्हातारीची आठवण ठेवलीस. बस, चहा करते."

मी करते म्हटलं, तर ऐकेनात. खिडकीतून दुपारचं लख्ख ऊन आत आलं होतं. मिसेस सायक्सनी कप पुढे घेतला, आंधळी माणसं टेकवतात तसं त्याच्या आत कडेला बोट टेकवलं आणि चहा बोटाला लागेपर्यंत ओतत राहिल्या.