कुठल्याही दोन वायरी

वायंडरचं खरं नाव त्याच्या बायकोला आणि रेशनकार्डाला ठाऊक. बाकी सगळ्या गल्लीला तो नुसता वायंडर. पंप जळला, पंखा अडला, पिठाच्या गिरणीची मोटर घुरघुरायला लागली की लोक ती उचलून त्याच्या दुकानात आणून टाकायचे. वायंडर तांब्याची जळकी तार उपसून काढायचा आणि नवी भरायचा. अठ्ठावीस वर्षं हेच. आणि या अठ्ठावीस वर्षांत त्याने एकदाही, कशाचीही माहितीपुस्तिका वाचली नव्हती. वर त्याचा अभिमान! "ज्यांना येत नाही ते वाचतात," असं तो गिऱ्हाइकासमोर म्हणायचा आणि पुस्तिका घडी करून डुगडुगत्या टेबलाच्या पायाखाली सारायचा.

त्याची लेक चष्म्याच्या दुकानात काचा घासायच्या कामाला होती. सत्तावीस वर्षांची, हाताने अगदी नेमकी. तिला नाद लागला होता रिमोटवरच्या गाड्यांचा. खेळण्यातल्या नव्हेत हं, वीतभर लांबीच्या पण साठ-सत्तरच्या वेगाने पळणाऱ्या, ज्यांची शर्यत लागते त्या. दर रविवारी मैदानावर त्यांचा क्लब जमायचा. क्लबचा म्होरक्या होता एक पेन्शनर. वळण आलं की दुसऱ्याच्या गाडीकडे बघून "ब्रेक! ब्रेक!" म्हणून ओरडायचा, म्हणून त्याला सगळे ब्रेककाकाच म्हणत. या ब्रेककाकांनी लेकीला सांगितलं होतं, "महिन्याच्या शेवटी नवशिक्यांचा वर्ग घेऊ. गाडीत स्पीड कंट्रोल कसा बसवायचा, ते तू शिकव. तुझ्यासारखा हात इथे कुणाचा नाही."

लेकीने हे घरी सांगितलं तेव्हा ती इतकी खूश होती की पोळी हातात धरून उभ्या उभ्याच बोलत होती. वायंडरला आनंद झाला, नाही असं नाही. पण आत कुठेतरी खुपलंही. मोटरचं काम, आणि ते शिकवणार कोण, तर ही? मग आपण कोण?

वर्गाआधी सराव म्हणून तिने स्वतःच्या गाडीसाठी नवा स्पीड कंट्रोल आणला. काडेपेटीहून जरा मोठी डबी. बॅटरीतली वीज मोटरला किती द्यायची हे ती डबी ठरवते. शनिवारी दुपारी दोघं बापलेक जेवणाच्या टेबलावर बसले. लेकीने डबी दुहेरी चिकटपट्टीने गाडीत बसवली. मोटरच्या तीन जाड वायरी होत्या, निळी, पिवळी आणि नारिंगी, टोकाला सोनेरी पिना. त्या तिने डबीवरच्या खुणांप्रमाणे खोचल्या. शिवाय मोटरपासून डबीत एक बारीक केबल गेली होती, सेन्सरची. मोटरचा दांडा कुठल्या कोनात आहे ते ती डबीला कळवत राहते. गाडी ठोकळ्यावर ठेवली, चाकं अधांतरी. मग आधी रिमोट चालू, मग डबी, आणि रिमोटचा बंदुकीसारखा घोडा मधे सोडून, पूर्ण ओढून, पूर्ण ढकलून डबीला त्या तिन्ही जागांची ओळख करून दिली. दर वेळी डबी पीप म्हणायची.

"झालं," लेक म्हणाली आणि घोडा हळूच ओढला. चाकं फिरली. पण उलटी.

"अरेच्चा! ही तर मागे चाललीय," ती म्हणाली. "सेटिंग असतं ते. थांबा, पुस्तिका बघते."

तेवढ्यात दुकानातून फोन आला. कुणाच्या तरी काचेचा नंबर सापडत नव्हता. लेक बोलत बोलत बाहेरच्या खोलीत गेली.

वायंडर त्या चाकांकडे बघून हसला. यात बघायचंय काय? तीन वायरींची मोटर उलटी फिरली तर कुठल्याही दोन वायरी बदला, सरळ फिरते. हे त्याने हजार पंपांना केलं होतं. झोपेतसुद्धा केलं असतं. निळी आणि नारिंगी उपटली, इकडची तिकडे खोचली. दोन सेकंदांचं काम. पुस्तिका म्हणे!

लेक परत आली. "काय केलंत?"

"तू ओढ तर खरी," वायंडर खुर्चीत रेलून म्हणाला.

बापावर विश्वास. तिने घोडा ओढला. चाकं फिरायच्या ऐवजी थरथरली, खट् खट् खट्. तिला वाटलं कमी पडतंय, तिने अजून ओढला. डबीतून धुराची बारीक रेघ निघाली आणि जळक्या वार्निशचा वास आला. तो वास वायंडरच्या नाकात अठ्ठावीस वर्षं बसलेला. डबी गेली, हे त्याला तिच्याआधी कळलं. लेकीने बॅटरी उपटली आणि धावत जाऊन खिडकी उघडली.

आणि ती पाठमोरी होती तेवढ्यात वायंडरने काय केलं? निळी आणि नारिंगी पुन्हा जागच्या जागी खोचली.

का केलं, ते त्यालाही सांगता आलं नसतं. डोक्याने काही ठरवायच्या आधीच हातांनी उरकून टाकलं. बोटाला चटका बसला, तो त्याने मांडीला चोळला.

लेक परत येऊन वायरींवर वाकली. निळी निळीच्या जागी, पिवळी पिवळीच्या, नारिंगी नारिंगीच्या. सगळं बरोबर. "तुम्ही काही बदललं होतं का, बाबा?"

"छे. जरा दाबून घट्ट केल्या."

"मग माझंच चुकलं," ती म्हणाली. "ओळख करून देताना पुढचं आणि मागचं मी उलट दिलं असणार. उलटी फिरली तेव्हाच थांबायला हवं होतं. थरथरत होती तरी ओढत राहिले मी. गाढव आहे नुसती."

आत्ता बोल, असं वायंडरच्या आतलं कुणीतरी म्हणालं. वायंडरने तोंड उघडलं आणि बोलला काय? "घाई नडते तुला."

धुराच्या वासाने त्याची बायको आतून आली. डबी बघितली, लेकीचं तोंड बघितलं आणि सुरू झाली, "घरात एवढा जाणता माणूस बसलाय, त्याचं ऐकायला काय होतं गं तुला? सगळं आपल्याच मनाने!" लेक मान खाली घालून ऐकत होती. जाणता माणूस खिडकीबाहेर बघत होता. त्याचे कान इतके तापले होते की कुणी बघितलं तर कळेल अशी त्याला भीती वाटली.

त्यानंतरचे तीन आठवडे वायंडरने कसे काढले ते त्याचं त्याला माहीत. दुसऱ्या दिवशी लेक नसताना त्याने ती पुस्तिका काढली, दाराला कडी लावून. तिसऱ्या पानावर चौकटीत, ठळक अक्षरात लिहिलं होतं की सेन्सरची केबल जोडलेली असेल तर मोटरच्या वायरींची अदलाबदल करू नये, डबी जळू शकते. दिशा फक्त सेटिंगमधून बदलावी. त्याने ते चारदा वाचलं. अक्षर बदललं नाही.

संध्याकाळी सांगू, असं त्याने ठरवलं. संध्याकाळी पाहुणी आली. उद्या सांगू. उद्या लेक दमून आली. रोज काहीतरी निघायचं, आणि रोज ते कबूल करणं आदल्या दिवसापेक्षा जड व्हायचं, कारण आता नुसती चूक नव्हती, चूक अधिक इतके दिवस, असं होतं. पहिल्या दिवशी तो चुकलेला बाप होता. आता तो खोटारडा बाप होता, आणि हे त्याला जेवताना पहिल्या घासाला आठवायचं.

लेक मात्र बदलायला लागली. दुकानात घासलेली काच ती तीन-तीनदा मापायची, म्हणून उशीर व्हायचा. घरचं गॅसचं बटण दोनदा बघायची. "माझ्यावर सोडू नकोस गं आई, मी विसरते," म्हणायची. आधी कधीही काही न विसरणारी पोर! आणि एका संध्याकाळी ती सहज म्हणाली, "मी ब्रेककाकांना कळवलं. वर्ग मी नाही घेणार."

वायंडरने हातातला घास ताटात ठेवला. "का?"

"ज्याला स्वतःची डबी धड बसवता येत नाही त्याने लोकांना काय शिकवायचं? मी त्यांना सांगितलंय, माझे बाबा शिकवतील. अठ्ठावीस वर्षांचा अनुभव आहे म्हटल्यावर ते काय खूश झाले! याल ना?"

"बघा," बायको म्हणाली, "शेवटी तुमच्याकडेच आले की नाही सगळे?"

नाही म्हणायचं तर कारण सांगायला हवं. कारण त्याच्या जिभेवर आलं, आणि त्याने ते भाताबरोबर गिळलं. "येतो," तो म्हणाला.

रविवारी सकाळी मैदानाच्या कडेच्या शेडमध्ये दहा-बारा नवशिके टेबलाभोवती जमले होते. कुणी शिक्षिका, कुणी न्हावी, एक पंप बसवणारा जाडा मिस्त्री, दोन कॉलेजच्या मुली. ब्रेककाकांनी वायंडरला हार घालायचंच काय ते बाकी ठेवलं. मग लेक उभी राहिली. "मी शिकवणार होते," ती म्हणाली, आणि हसण्याचा प्रयत्न केला, "पण माझ्या हातून एक डबी जळली. घाई केली म्हणून. तुम्ही तसं करू नका. बाबा सांगतील तसं करा."

सगळ्यांनी मायेने तिच्याकडे पाहिलं. वायंडरला वाटलं, ही फरशी उचकटावी आणि खाली जाऊन बसावं.

त्याने लेकीचीच गाडी पुढ्यात घेतली. डबी नवी होती. चिकटपट्टी लावली, तीन वायरी खुणांप्रमाणे खोचल्या, सेन्सरची केबल लावली, गाडी ठोकळ्यावर ठेवली. हात सराईत चालत होते. ओळख करून दिली. पीप. पीप. पीप. घोडा ओढला. चाकं फिरली. उलटी. उलटीच फिरणार, त्याला माहीतच होतं; नव्या डबीतलं दिशेचं सेटिंग अजून बदललेलं नव्हतं.

लेकीने चमकून त्या चाकांकडे पाहिलं. मग बापाकडे.

"अहो, त्यात काय!" जाडा मिस्त्री पुढे सरसावला. "कुठल्याही दोन वायरी बदला की! आमच्या पंपाला तेच करतो आम्ही. काय वायंडर, बरोबर ना?" आणि मोठ्या तयारीने त्याने निळीला हात घातला.

वायंडरने त्याचं मनगट धरलं. इतक्या जोरात की मिस्त्री "आईगं" म्हणाला.

"नको," वायंडर म्हणाला. त्याने मनगट सोडलं. "सेन्सर असताना वायरी बदलल्या की डबी जळते. पुस्तिकेत लिहिलंय. मी वाचलं नव्हतं. तसंच करून मी... हिची डबी मी जाळली. हिची काही चूक नव्हती. हिने सगळं बरोबर केलं होतं. मी वायरी बदलल्या."

ब्रेककाकांनी उगीच टोपी काढून पुन्हा घातली.

लेक टेबलाच्या पलीकडे उभी होती. "पण मी नंतर बघितल्या होत्या," ती हळू म्हणाली. "वायरी जागच्या जागी होत्या."

आता खरं तर इथेही काही सांगून सुटता आलं असतं. वायंडरने मान वर केली नाही. "तू खिडकी उघडायला गेलीस ना. तेव्हा मी परत लावल्या."

तिला हे समजायला थोडा वेळ लागला. समजलं तेव्हा तिचा चेहरा असा झाला की वायंडरला वाटलं, तिने ओरडावं, काहीही फेकून मारावं. तिने काही फेकलं नाही.

"डबीचं मला काही नाही, बाबा," ती म्हणाली. "डब्या जळतात. मी तीन आठवडे स्वतःला गाढव म्हणत होते. तुमच्यासमोर. आणि तुम्ही जेवत होतात."

वायंडरने हातातला रिमोट टेबलावर ठेवला.

"उठा," ती म्हणाली.

तो उठला. ती खुर्चीत बसली, डोळे एकदा पालथ्या मुठीने पुसले आणि गाडी स्वतःकडे वळवली. "हं, नीट बघा सगळे," ती म्हणाली. "दिशा अशी बदलायची." तिने बटण दाबून धरलं, डबीने दोनदा पीप केलं, तिने एक आकडा बदलला आणि घोडा ओढला. चाकं सरळ फिरली. कॉलेजच्या मुली टाळ्या वाजवायला सरसावल्या, पण वातावरण बघून थांबल्या. लेकीने तासभर शिकवलं. एकदाही अडखळली नाही. एकदाही काही दोनदा तपासलं नाही. वायंडर मिस्त्रीच्या शेजारी, मागच्या रांगेत उभं राहून ऐकत होता, आणि मिस्त्री मनगट चोळत होता.

परतताना लेक दहा पावलं पुढे चालली. वायंडरने गाठायचा प्रयत्न केला नाही.

घरी बायकोने पाण्याचे पेले पुढे केले. "काय, कसा झाला वर्ग?"

"चांगला झाला. मी घेतला," लेक म्हणाली.

"तू? अगं, मग हे कशाला गेले होते? यांनी काय केलं?"

"त्यांना विचार," लेक म्हणाली. आत गेली नाही. पेला हातात धरून, भिंतीला टेकून तिथेच उभी राहिली. डबी जळली त्या दिवशी आईचं सगळं बोलणं तिने मुकाट्याने ऐकून घेतलं होतं.

बायको वायंडरकडे बघत होती. बारा परक्या माणसांसमोर जमलं होतं ते या एका बाईसमोर जमेना. त्याने टेबलाजवळची खुर्ची ओढली, बसला, आणि लेक खिडकी उघडायला गेली तिथपासून सांगायला सुरुवात केली.