फोनातली बाई रागावत नाही

मास्तरांनी उभा जन्म भूगोल शिकवला. वर्गाकडे तोंड ठेवून, हात मागे नेऊन ते फळ्यावर खंडाचा नकाशा काढायचे आणि सगळ्या नद्या आपापल्या समुद्राला बिनचूक मिळायच्या. पण न्हाव्याच्या दुकानातून बाहेर पडले की घर कुठल्या हाताला, इथे घोडं अडायचं. अडलं तरी कबूल करतील तर ते मास्तर कसले! भलत्याच गल्लीत शिरले की आजूबाजूच्या घरांकडे रागाने बघत म्हणायचे, "हे सगळं पूर्वी इथे नव्हतं."

बायकोने त्यांचं नाव 'होकायंत्र' पाडलं होतं. एकदा साडूच्या मुलीच्या लग्नाला हे कुटुंब पोहोचलं तेव्हा लग्न उरकून मांडवातल्या खुर्च्या एकावर एक रचणं चाललं होतं. तरी गाडी कायम मास्तरच चालवायचे. बायको शेजारी बसायची आणि सिग्नलला गाडी थांबली की हळूच काच खाली करून कुणाला तरी रस्ता विचारून घ्यायची. मग नवऱ्याला म्हणायची, "पुढून डावीकडे म्हणत होतात ना तुम्ही?" आणि मास्तर म्हणायचे, "तेच म्हणत होतो मी."

ती गेली आणि मास्तरांनी गाडीच्या किल्ल्या मुलाच्या हातात दिल्या. डोळ्यांचं निमित्त सांगितलं. डोळे ठणठणीत होते. मुलाने आणि सुनेने ते निमित्त खरं मानल्यासारखं केलं.

सून जनावरांची डॉक्टर. मुलगा बेकरीत कामाला. पहाटे उठून जायचा आणि दुपारी येऊन ढाराढूर झोपायचा. त्यामुळे दिवसभर घरात मास्तर, भिंतीवरचं घड्याळ आणि वर्तमानपत्र. पेपर तर सकाळीच संपायचा.

त्या रविवारी सकाळी सूनबाईला फोन आला. टेकड्यांपलीकडच्या एका गोठ्याची मालकीण बोलत होती. गाय अडली होती. नेहमीचे डॉक्टर गावाला गेलेले. बाई धापा टाकत म्हणाली, "ठिकाण पाठवलंय बघा फोनवर, लवकर या," आणि फोन कटला.

सूनबाई बॅग भरेपर्यंत मास्तर बूट घालून दारात उभे.

"मी येतो. तो सगळा भाग मला तोंडपाठ आहे."

सूनबाईने घड्याळाकडे बघितलं. पण ते इतके टवटवीत दिसत होते की नको म्हणायला तिची जीभ रेटेना. "चला बाबा," ती म्हणाली.

गाडीत तिने फोन काचेजवळच्या पकडीत अडकवला. फोनातल्या बाईचा आवाज आला, "दोनशे मीटरनंतर डावीकडे वळा."

"हिला कुणी विचारलं?" मास्तर म्हणाले. "सरळ घे तू."

"बाबा, सरळ एकेरी वाहतूक आहे."

"केव्हापासून?"

"परवापासून," सूनबाईने ठोकून दिलं आणि डावीकडे वळली.

पुढच्या प्रत्येक वळणावर हेच. बाई म्हणे उजवीकडे, मास्तर म्हणत डावीकडे. सूनबाई मान दोघांनाही डोलवायची आणि चाक बाईचं ऐकून फिरवायची. उड्डाणपुलाशी आल्यावर मात्र मास्तरांचं नशीब उघडलं. गाडी होती पुलाखालच्या रस्त्यावर. फोनवरचा निळा बाण मात्र पुलावरून ऐटीत चालला होता. खाली उजवीकडे वळायची वेळ आली तरी बाई म्हणत होती, "सरळ जात राहा."

"बघ! बघ!" मास्तर जागच्या जागी उडाले. "आपण कुठे आहोत हेच हिला ठाऊक नाही. आणि चालली मला शिकवायला!"

"तिचा दोष नाही बाबा. उपग्रहांवरून जागा कळते, उंची नीट कळत नाही. वरचा पूल आणि खालचा रस्ता नकाशावर एकमेकांवरच येतात. आपण वर की खाली, इथे तिची गफलत होते." सूनबाईचा हा रोजचा रस्ता होता. ती उजवीकडे वळली. पूल मागे पडला तसा बाण एक उडी मारून बरोबर रस्त्यावर आला आणि बाई काही झालंच नाही अशा आवाजात पुढचं सांगू लागली.

मास्तरांनी फोनाकडे वाकून बघितलं. मग म्हणाले, "किती उपग्रह दिसावे लागतात हिला?"

"निदान चार."

"तीन पुरावेत की! तीन ठिकाणांपासूनची अंतरं कळली की आपली जागा सापडलीच. मी वर्गात तीन दोऱ्या घेऊन दाखवायचो हे."

"चौथा घड्याळासाठी. अंतर मोजायचं ते संदेश यायला किती वेळ लागला यावरून. फोनातलं घड्याळ तितकं काटेकोर नसतं, म्हणून चौथा लागतो."

"अस्सं!" मास्तर म्हणाले, आणि काचेतून वर आभाळाकडे बघू लागले, जणू चौघांपैकी एखादा दिसेलच. तोंडावर असं हसू होतं की सूनबाईला वाटलं, शाळेत मुलं यांच्यावर जीव टाकत असणार ते उगाच नाही.

बोगद्यात बाण अडखळला, बाहेर पडताच पुन्हा मार्गी लागला. मग टेकड्या सुरू झाल्या. रस्ता अरुंद झाला, घरं विरळ झाली आणि फोनवरच्या नेटवर्कच्या रेघा एकेक करत विझल्या.

"गेलं नेटवर्क," मास्तर म्हणाले. आवाजात आनंद होता, तो त्यांनी लपवलाही नाही. "आता तुझी बाई मुकी. सांगू का मी?"

"चारशे मीटरनंतर डावीकडे वळा," बाई म्हणाली.

मास्तर दचकले. "ही नेटवर्कशिवाय कशी बोलते?"

"उपग्रहाला नेटवर्क लागत नाही. नकाशाला लागतं. पण या भागाचा नकाशा मी फोनात उतरवून ठेवलाय. रस्ताही ती त्यावरूनच आखते."

मास्तरांनी हात जोडले. विनोदाने जोडले, पण जोडले. त्यानंतर त्यांनी रस्ता सांगणं सोडलं. सीट मागे सरकवून ते बाहेर बघत बसले. कुंपणावर बसलेलं पाखरू, उतारावर चरणाऱ्या मेंढ्या, धूर सोडणारं एखादं धुराडं. बऱ्याच वेळाने म्हणाले, "रस्ता आपल्याला सांगायचा नसला की काय छान दिसतो गं!"

सूनबाई हसली. इतकी वर्षं गाडी चालवताना यांच्या छातीत केवढी धडधड होत असेल, हे तिला त्या क्षणी पहिल्यांदा कळलं.

एका टेकाडावर बाई म्हणाली, "तुम्ही मुक्कामी पोहोचलात."

समोर ओढा होता. पाणी फेसाळत खाली धावत होतं. गोठा पलीकडच्या काठावर, लाल पत्र्याचा. मध्ये पूल नव्हता; ओंडक्यांवर टाकलेली एक फळी तेवढी होती. फोन लावावा तर नेटवर्क फक्त एक रेघ, तीही येत-जात. गोठेवालीचा फोन काही लागेना.

"हातावर तुरी देऊन गेली बाई," मास्तर म्हणाले. पण या वेळी त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता. ते खाली उतरले, दोन्ही हातांचा कर्णा केला आणि मागच्या बाकावरच्या मुलांना जागं करणाऱ्या आवाजात ओरडले, "अहो, गोठ्यातल्या बाई!"

मेंढ्यांनी माना वर केल्या. गोठ्याच्या दारात एक बाई धावत आली, बाह्या दंडापर्यंत वर, हात राडीने माखलेले.

"अहो, इथनंच फोन केला मी!" ती पलीकडून ओरडली. "त्या टेकाडावर! गोठ्यात रेंजच नाही! डॉक्टर, फळीवरून या पटकन! पाय दिसतायत वासराचे, पण पुढे सरकत नाहीये!"

म्हणजे फोनाने चूक केलीच नव्हती. गोठेवाली जिथे उभी राहून बोलली होती, अगदी तिथेच त्याने आणून सोडलं होतं.

सूनबाईने बॅग खांद्याला लावली, दोर आणि लांब हातमोजे घेतले. पण डिकीत वासरू ओढायचं लोखंडी अवजार होतं, माणसाएवढ्या दांड्याचं. ते घेऊन त्या फळीवरून जाणं म्हणजे ओढ्यात आंघोळ.

"गाडीचा पूल कुठे?" मास्तरांनी गर्जना केली.

"मागे! दगडी पूल! मग वर!" बाईने हात असा काही फिरवला की त्यातून चारही दिशा निघाल्या.

सूनबाईने फोन काढला, ओढ्याच्या निळ्या रेघेपलीकडे गोठ्याकडे जाणारी बारीक वाट दिसत होती, तिच्या टोकावर बोट दाबून धरलं. फोनाने क्षणभर विचार केला आणि नवा रस्ता आखला.

"बाबा, गाडी तुम्ही आणा."

मास्तर एकदम गोरेमोरे झाले. "मी?"

"दोर पुरले नाहीत तर ते अवजार लागेल मला. ती सांगेल तसं करा, बस."

त्यांनी ओठ चाटले. "आणि रस्ता चुकला तर?"

हा प्रश्न त्यांच्या तोंडून आजवर कुणी ऐकला नव्हता.

"चुकलात तर ती दुसरा रस्ता सांगते," सूनबाई म्हणाली. "रागावत नाही." आणि फोन, किल्ली दोन्ही त्यांच्या हातात ठेवून ती फळीवर चढलीसुद्धा.

मास्तर चाकामागे बसले. सीट पुढे ओढली, आरसा नीट केला, घसा खाकरला. "चला बाई," ते फोनाला म्हणाले. "आता मी आणि तुम्ही." दुसरं कुणी नसताना ते तिला अहो-जाहो करू लागले होते.

दगडी पूल सुखरूप आला. पलीकडे रस्ता फुटला. बाई म्हणाली डावीकडे. मास्तरांच्या मनाने छातीठोकपणे सांगितलं, उजवीकडे. गोठा त्याच बाजूला आहे, यात शंकाच नाही. आणि सवयीने हात उजवीकडे वळले. थोडं पुढे गेल्यावर गोठ्याचा लाल पत्रा पाठीमागे, भलत्याच दिशेला दिसला. मास्तरांनी गाडीचा वेग कमी केला. शेजारच्या रिकाम्या सीटकडे त्यांचं लक्ष गेलं. तिथे काच खाली करून विचारणारं कुणी नव्हतं. विचारावं तर रस्त्यावर चिटपाखरूही नव्हतं.

"शक्य असेल तेव्हा गाडी मागे वळवा," बाई म्हणाली. तोच आवाज. ना उसासा, ना 'सांगितलं होतं ना मी'.

"चुकलंच माझं," मास्तर मोठ्याने म्हणाले. कुणी ऐकत नसताना ते बोलणं एवढं सोपं होतं, की त्यांना स्वतःचंच नवल वाटलं. एका फाटकापाशी त्यांनी गाडी पुढेमागे करून वळवली, फाट्याशी आले, आपल्या मनाला म्हणाले, "तू आता गप बस," आणि बाई सांगेल तसे निघाले.

गोठ्यात ते अवजार खांद्यावर घेऊन शिरले तेव्हा सूनबाई गुडघ्यांवर होती, केस कपाळाला चिकटलेले. गोठेवाली गाईचं तोंड धरून तिची समजूत घालत होती.

"आलात? देवासारखे आलात!" सूनबाई म्हणाली. "इकडे धरा. मी सांगेन तेव्हा खटका ओढायचा, गाईने कळ दिली की. घाई नको."

"तू सांग," मास्तर म्हणाले. "आज मी सगळ्यांचं ऐकतोय."

गाय कण्हली, खटका वाजला, दोर ताणला. पुन्हा एकदा. मग आणखी एकदा, आणि एकदम सगळं सैल होऊन वासरू पेंढ्यावर घसरलं, ओलं, लांब, निपचित. सूनबाईने त्याच्या नाकपुड्या पुसल्या, एका काडीने आत गुदगुल्या केल्या, छाती खसाखसा चोळली. वासरू शिंकलं. मास्तर इतक्या जोरात हसले की गाईने वळून बघितलं. मग तिने आपलं काम हाती घेतलं आणि वासराला चाटू लागली.

गोठेवालीने गरम दूध आणि पाव आणून दिला. मास्तरांनी पेंढ्यावर बसून, हाताला राड लागलेली असताना, दोन वेळा मागून घेतलं. परतताना सूनबाई दमून गेली होती. तिने काही म्हणायच्या आधीच ते चाकामागे जाऊन बसले. बोगदा यायच्या आत ती झोपली, आणि जागी झाली ती थेट घराच्या दारात.

त्यानंतर तिच्या लांबच्या फेऱ्यांना मास्तरच गाडी चालवू लागले. अधूनमधून बाईशी वाद घालायचे, पण वळायचे तिचं ऐकूनच. मुलाने त्यांना नवा फोन घेऊन दिला आणि नकाशा कसा उतरवायचा ते शिकवलं. तो धडा त्यांनी एका बैठकीत पाठ केला.

मग एका सकाळी, पोरं कामाला गेल्यावर, त्यांनी धाकट्या बहिणीचा पत्ता फोनात घातला. ती दोन डोंगर ओलांडून राहायची. वहिनी गेल्यापासून भाऊ तिच्या घरी आलाच नव्हता. कुणी आणलं तर येणार ना! दुपारच्या सुमारास तिने दार उघडलं तर भाऊ पायरीवर उभा, हातात मुलाच्या बेकरीतल्या पावांची पिशवी.

ती त्याच्या खांद्यावरून गाडीकडे बघू लागली. "अरे दादा! कुणी आणलं तुला? त्यांना आत बोलव की, उन्हात का ठेवलंस?"

"कुणी नाही," मास्तर म्हणाले. "मीच आलो."

बहिणीने दोन पायऱ्या उतरून गाडीत डोकावून खात्री करून घेतली. मग भावाचा हात घट्ट धरला आणि त्याला ओढतच घरात नेलं.