नववी सही

मित्रांनो, मी बेसबॉलचा चेंडू आहे, साठी ओलांडलेला. पांढरा जन्मलो, आता चहाच्या रंगाचा झालो आहे. पोटात बुचाचा गोळा, त्यावर घट्ट गुंडाळलेली लोकर, वर घोड्याचे कातडे आणि हाताने घातलेले एकशे आठ लाल टाके, असा माझा देह आहे.

अमेरिकेतल्या एका लहान गावात मी एकच सामना खेळलो. संघ जिंकला आणि नऊ खेळाडूंनी बॉलपेनने माझ्यावर सह्या केल्या. शेवटची वॉल्टरची. जागा उरली नव्हती, म्हणून टाक्यांच्या कडेला त्याने पेन दाबून दाबून नाव लिहिले. मला ते दुखले होते.

पुढे वॉल्टर इंजिनिअर होऊन कतारला आला आणि परत जाताना त्याने मला आपल्या दोस्ताला दिले. ते मजीदचाचा. मूळचे रत्नागिरीचे, कंपनीत स्टोअरकीपर. दोहातल्या फरीज बिन ओमरान वस्तीत, त्यांच्या घरच्या कपाटात मी पंचवीस वर्षे राहिलो. वॉल्टर वारल्याचे कळले, त्या दिवशी चाचांनी मला तासभर हातात धरले होते.

काही वर्षांपूर्वी चाचा कायमचे गावी निघाले. तिकडच्या दमट हवेत मला बुरशी धरेल, ही त्यांना धास्ती. म्हणून त्यांनी मला नुपूरला दिले. ती पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत काम करते आणि चाचांसारखीच खेळांच्या जुन्या वस्तू जमवते.

"पैसे नकोत गो," चाचा म्हणाले. "वॉल्टरचं नाव वाचता येतंय तोवर दर ईदला फोटो पाठव."

"आणि नाही आलं तर?"

"मग कशाला पाठवशील?" चाचा हसले, पण मला सोडताना त्यांची बोटे रेंगाळली.

नुपूरच्या आई नयनाताई नाशिकच्या. बाहेरून आलेली जुनी वस्तू पुसून, ऊन दाखवून मगच आत घ्यायची, हा त्यांचा नियम. दुसऱ्या दिवशी नुपूर कामावर गेली आणि ताईंना माझा कुबट वास आला. त्यांनी फडक्यावर सॅनिटायझर घेतले. मित्रांनो, मला ओरडता येत नाही. गार फडके मळ साचतो त्या टाक्यांच्या कडेने, वॉल्टरच्या नावावरून फिरले आणि निळे झाले. मग त्यांनी मला गॅलरीत गोधडीशेजारी ठेवले. दोहाच्या उन्हात कातडे ताणत गेले. मी एकेक टाका मोजत नुपूरची वाट पाहिली.

"आई, चेंडू कुठाय?"

"उन्हात. केवढा मळ होता गं त्याला, निळा निळा."

नुपूरने मला उचलले. आठ सह्या होत्या. नववीची जागा कोरी होती.

"तो मळ नव्हता, आई. शाई होती."

ताईंचा चेहरा उतरला. त्या हळूच म्हणाल्या, "चाचा आज जेवायला येणार ना? काही बोलू नकोस. इतकं बारीक त्यांना कुठे दिसतंय."

"मी सांगणार आहे."

आणि तिने सांगितले, चाचा दारात चपला काढत होते तेव्हाच.  ते खुर्चीत बसले, मला हातात घेतले आणि नेहमीच्या जागी अंगठा फिरवला. अंगठा थांबला.

"हे काय लागतंय?"

नुपूर वाकली. तिने दिवा मालवला, मोबाईलचा टॉर्च लावला आणि माझ्या अगदी कडेला आडवा धरला. समोरून पडणारा उजेड ज्या खाचा पुसून टाकत होता, त्यांत आता सावली भरली. एकेक अक्षर वर आले. वॉल्टर.

"वाचता येतंय," चाचा म्हणाले.

"मजीदभाई, माझंच चुकलं," ताई म्हणाल्या.

"माझ्या बॅगा भरायला येऊ नका, म्हणजे झालं. सगळं सामान धुऊन काढाल."

आता मी मऊ कागदात, अंधाऱ्या डब्यात असतो. दर ईदला नुपूर दिवा मालवून माझा फोटो काढते. तरी झाकण उघडले, की आलेल्या हातात फडके तर नाही ना, हेच मी आधी पाहतो. खाचा उथळ आहेत आणि कातडे झिजत चालले आहे. मित्रांनो, जुनी वस्तू तुमच्याकडे आली, तर तिच्यावरचा डाग पुसण्याआधी तो कोणाचा आहे, एवढे विचारा. आम्हाला सांगता येत नाही.